भूकंपात दाराच्या चौकटीत उभं राहू नका
३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. पण ‘हादरा बसला की चौकटीत उभं राहा’ हा चुकीचा सल्लाही अजून घरोघरी दिला जातो. कॉलेजच्या आपत्ती व्यवस्थापनाचं काम माझ्याकडे आहे. रंगीत तालमीत शिट्टी वाजली की निम्मा वर्ग दारात! तिथं दार आपटून बोटं चेचतात, मागच्यांची वाट अडते. किल्लारीत माणसं दगडमातीच्या जड घरांखाली गाडली गेली. आजच्या सिमेंटच्या इमारतीत चौकट काही जास्त भक्कम नसते. मुलांनो, खाली वाका, बाकाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. बाक सरकला तर त्याच्यासोबत सरका. हादरे थांबल्यावरच जिन्यानं मैदानात या, लिफ्टनं अजिबात नको.