एमएलसी आणि एफआयआर: एक नोंद डॉक्टरची, दुसरी ठाण्याची

एफआयआर म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यात दिली की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार ती नोंदवली जाते, खबर देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते आणि गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला या कारणावरून ती नाकारता येत नाही. घोळ होतो तो एमएलसीपाशी, म्हणजे दवाखान्यात होणाऱ्या 'मेडिको-लीगल केस'च्या नोंदीपाशी. अपघाताचा, मारहाणीचा, जळिताचा किंवा विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात पोहोचला की "पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जाऊन या" हे वाक्य अजूनही ऐकू येते. दुसरीकडे नातेवाईक "साहेब, एमएलसी करू नका, कोर्टकचेरी मागे लागेल" अशी गळ घालतात. एमएलसी म्हणजेच पोलिसांत दाखल झालेला गुन्हा, असा दोघांचाही समज असतो, आणि तो चुकीचा असतो.

एमएलसी ही रुग्णालयाची नोंद आहे. इजा किंवा आजार कसा झाला याची कायदेशीर चौकशी होणे आवश्यक आहे असे तपासणाऱ्या डॉक्टरला वाटले, की तो ती करतो. त्यासाठी त्याला रुग्णाची संमती किंवा पोलिसांची परवानगी लागत नाही. रुग्णाला कोणी आणले, किती वाजता आणले, ओळखीच्या खुणा, जखमांचे वर्णन, राखून ठेवलेले कपडे व नमुने हे सारे अनुक्रमांकासह लिहून ठाण्याला लेखी सूचना जाते आणि ती घेणाऱ्या अंमलदाराची सही व बक्कल नंबर घेतला जातो. यात कोणावरही आरोप नसतो. "आमच्या खासगी दवाखान्यात एमएलसी होत नाही" हे उत्तर तर कानाआड करावे, कारण ही नोंद फक्त सरकारी डॉक्टरनेच करावी असे कोणताही कायदा सांगत नाही.

उपचार या दोन्ही नोंदींच्या आधी येतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे व कोणतीही कागदोपत्री औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. रस्ते अपघातातील जखमींसाठी मोटार वाहन कायद्याचे कलम 134 हेच बजावते. लैंगिक अत्याचार व ॲसिडहल्ल्याच्या पीडितांवर विनामूल्य उपचार करणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार बंधनकारक आहे, आणि तसे न केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अत्याचार झालेल्या बालकाची वैद्यकीय तपासणी एफआयआर नोंदवलेला नसतानाही करता येते, हे पॉक्सो कायद्याच्या कलम 27 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे.

परंतु आपल्या भागात खरे नुकसान होते ते एमएलसीतल्या एका रकान्यात, "हकीकत" या रकान्यात. एमएलसी झाली म्हणजे गुन्हा दाखल झाला या भीतीने घरचे लोक तिथे खोटे सांगतात, आणि कामाच्या रेट्यात डॉक्टर "पॉयझन केस" एवढेच लिहून मोकळे होतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, तरीही औषध अंगावर उडाले, श्वासातून गेले की पोटात गेले, हा फरक कागदावर उतरवण्याची काळजी आजही सगळीकडे घेतली जात नाही. उपचारासाठी तो फरक मोलाचा असतो, कारण फवारणीतल्या रुग्णाचे कपडे उतरवून त्याचे अंग साबणाने धुणे हे पहिले काम असते. घरच्यांनी डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत आणले, तर कोणत्या गटाचे कीटकनाशक आहे हे डॉक्टरला लगेच कळते.

पुढे रुग्ण दगावलाच, तर एमएलसीतून बहुधा एफआयआर निघत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो, पंचनामा होतो आणि शवविच्छेदन होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतील दोन लाख रुपये मिळण्यासाठी हीच कागदपत्रे लागतात. शेतीची औषधे हाताळताना झालेली विषबाधा आणि सर्पदंश या योजनेत बसतात, आत्महत्या बसत नाही. त्यामुळे हकीकतीच्या रकान्यात "विषबाधा" एवढा एकच शब्द असेल तर विधवेला तालुक्याच्या कार्यालयात उत्तरे देत बसावे लागते. मला विचाराल, तर ही हकीकत मराठीत, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, त्याचे नाव व रुग्णाशी असलेले नाते लिहून "यांच्या सांगण्यानुसार" अशा सुरुवातीनेच नोंदवावी. खरेखोटे ठरवणे हे तपासाचे काम आहे, डॉक्टरचे नव्हे.

ज्याने खरोखरच जीव देण्यासाठी कीटकनाशक घेतले असेल, त्याच्या घरच्यांनी ते लपवण्याचे कारण आता उरलेले नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम 309 सारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हा नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 खाली येतो. त्याआधीच 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले होते. पोलीस जबाब घेतील, हे खरे. जबाब म्हणजे आरोपपत्र नसते.

धारणीहून अमरावतीला किंवा पांढरकवड्याहून यवतमाळला रुग्ण हलवताना रेफरच्या चिठ्ठीवर एमएलसी क्रमांक, आधी दिलेले उपचार आणि सूचना दिलेल्या ठाण्याचे नाव लिहिलेले असलेच पाहिजे, अन्यथा पुढच्या रुग्णालयात दुसरी एमएलसी होते, हकीकत पुन्हा विचारली जाते आणि दोन कागदांवर दोन वेगळ्या गोष्टी उतरतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाईकाने उपचारांच्या कागदपत्रांची मागणी केल्यास डॉक्टरने ती 72 तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी.