पार्श्वभूमी : डेटाच्या आयात-निर्यातीसाठी स्वतःचं आर पॅकेज

पंचगंगेची पाणीपातळी, गुळाचे सौदे, दूध संकलन अशा कोल्हापूरकडच्या फायली आर या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत घेणारा माणूस आज ना उद्या वाचण्या-लिहिण्याची फंक्शनं स्वतःच्या पॅकेजात, म्हणजे फंक्शनांच्या गठ्ठ्यात, बांधून ठेवतोच. या सवयीमागे आरचाच एक जुना निर्णय आहे.

आरची 1.0.0 आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी आली. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली मजकूर फाइल) वाचताना अक्षरी स्तंभाचा आपोआप फॅक्टर, म्हणजे क्रमांक दिलेल्या वर्गांचा स्तंभ, करायचा, हा रिवाज तिच्यात होताच. त्याला कारणंही होती. मुख्य काम संख्याशास्त्रीय मॉडेल बसवण्याचं, आणि तिथे गाव, वाण, हंगाम हे वर्गच असतात. शिवाय तोच मजकूर हजारदा साठवण्यापेक्षा क्रमांक साठवले की मेमरी वाचायची. पण 2007 मध्ये 2.6.0 आवृत्ती सारखा मजकूर एकदाच साठवू लागली आणि मेमरीचा मुद्दा निकालात निघाला. रिवाज मात्र पुढे तेरा वर्षं तसाच चालला. जुन्या स्क्रिप्ट मोडतील ही भीती खरी होती, पण तिची किंमत नवख्यांनी मोजली.

सौद्याच्या रकमेत ‘1,20,000’ असा स्वल्पविराम असला की अख्खा स्तंभ अक्षरी ठरायचा, म्हणजेच फॅक्टर व्हायचा. त्यावर ‘अ‍ॅज डॉट न्यूमेरिक’ हे आकड्यांत बदलणारं फंक्शन चालवलं की रुपयांच्या जागी 1, 2, 3 असे वर्गांचे क्रमांक हाती यायचे. एरर नाही, वॉर्निंग नाही. सरासरी निघायची, आलेखही निघायचा. काहींनी ‘स्ट्रिंग्ज अ‍ॅज फॅक्टर्स’ हा आपोआप फॅक्टर करण्याचा पर्याय आपल्या मशीनच्या सेटिंगमध्येच बंद केला. मग तीच स्क्रिप्ट शेजारच्या टेबलावर वेगळं उत्तर द्यायची. तेव्हा वाचण्याचे नियम फंक्शनात आणि फंक्शन पॅकेजात, हाच नेटका मार्ग उरला.

2015 मध्ये रीडर, रीडएक्सएल आणि हेवन ही फायली वाचणारी तयार पॅकेजं आली आणि बरंच ओझं उतरलं. एप्रिल 2020 मध्ये 4.0.0 आवृत्तीने आपोआप फॅक्टर करण्याचा रिवाज एकदाचा बदलला. एप्रिल 2022 च्या 4.2.0 पासून नव्या विंडोजवर आर यूटीएफ-8 ही सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत वापरू लागलं. त्याआधी गावांची देवनागरी नावं कितीदा तरी कंसातल्या कोडांत दिसायची.

तरीही स्थानिक काम उरतंच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. नोंदी फूट-इंचात. 39 फूट 10 इंच हे कुणी ‘39.10’ असं टाइप केलं की आर 39.1 वाचतं आणि पातळी 39 फूट 9 इंचांच्या ‘39.9’ पेक्षा खाली जाते. असा स्तंभ मजकूर म्हणूनच घ्यावा, टिंबावर तोडावा आणि इंचांना 12 ने भागावं. ‘३९’ असे देवनागरी अंक आले तर आधी ते बदलून घ्यावे, नाहीतर हाती एनए, म्हणजे ‘मूल्य नाही’, येतं. निर्यातीची फाइल एक्सेलमध्ये उघडणार असेल, तर यूटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे ही पद्धत ओळखू येण्याची खूण, घालावा. रीडरमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शन आहे, पॅकेजातून तेच बोलवावं.