कागदात 'स्ट्राइक' आला असेल तर आधी हे वाचा
(भाषांतर करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार येणारा निरोप असा असतो: 'स्ट्राइकला मराठीत काय म्हणायचं तेवढं सांगा, बाकीचं मी बघतो.' सोबत एक वाक्य, कधी तेही अर्धं कापलेलं. आम्ही विचारतो, कागद कसला आहे? उत्तर संध्याकाळी येतं. मग पूर्ण पान मागतो, ते दुसऱ्या दिवशी येतं, तिरकं आणि अंधुक. दोन मिनिटांचं काम असं लांबत जातं आणि उशीर मात्र आमच्या नावावर पडतो. म्हणून हे पत्रक.

स्ट्राइक म्हणजे संप, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मारणे, आदळणे हे अर्थही शाळेत होऊन गेलेले असतात. घोळ होतो तो बेसबॉलमधून आलेल्या अर्थापाशी. अमेरिकी कागदांत तो कुठेही भेटतो, अगदी खेळाचा काही संबंध नसताना.

बेसबॉलमध्ये स्ट्राइक ही फलंदाजाच्या विरोधात जाणारी नोंद आहे. बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, स्ट्राइक. चेंडू १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवरून (फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीतली पाटी), साधारण गुडघा ते छाती एवढ्या उंचीतून गेला आणि फलंदाज नुसता बघत राहिला, तरी स्ट्राइक. दोन होईपर्यंत फाऊल, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर गेलेला चेंडूही त्यात धरतात. तीन झाले की बाद. सुरुवातीला बॅट फिरवून हुकला तरच स्ट्राइक धरत. पण चांगले चेंडू सोडून देत वेळ काढणारे फलंदाज निघाले, तेव्हा १८५८ मध्ये न फिरवलेल्या बॅटीलाही स्ट्राइक पुकारण्याचा अधिकार पंचांना मिळाला. मारणे या अर्थाचा शब्द न मारण्याला चिकटला तो असा.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, त्यामुळे आपला कान इथे हमखास फसतो. आपल्याकडे स्ट्राइक रेट जितका चढा तितकं कौतुक. त्याच कानाने 'ही स्ट्रक आउट' ऐकलं की सबटायटलमध्ये 'त्याने जोरदार फटका मारला' असं उतरतं. अर्थ नेमका उलटा आहे: तो तीन स्ट्राइक होऊन बाद झाला. नोलन रायनच्या नावावर ५,७१४ स्ट्राइकआउट आहेत, ते त्याने मारलेले फटके नव्हेत. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, त्याने तितक्या वेळा फलंदाजांना असं बाद केलं. धावफलकात स्ट्राइकआउटसाठी 'के' हे अक्षर वापरतात. '१० के' दिसलं की आमच्याकडे येणाऱ्या कच्च्या मसुद्यात ते सरळ दहा हजार झालेलं असतं.

खेळापुरतं एवढं पुरे, कारण ग्राहकांचं खरं नुकसान होतं ते नोकरीच्या कागदांत. अमेरिकी कंपनीच्या इथल्या कार्यालयातून पत्र येतं, 'धिस इज युअर सेकंड स्ट्राइक.' फोनवरचं भाषांतर सांगतं, 'हा तुमचा दुसरा संप आहे.' संपाचं नावही न काढलेला माणूस घाबरून वकिलाकडे धावतो. पत्राचं म्हणणं एवढंच असतं की हा दुसरा ठपका, तिसरा आला तर नोकरीवर गदा येईल. आम्ही अशा ठिकाणी 'ठपका' किंवा 'लेखी ताकीद' लिहितो. या दोघांतलं कोणतं घ्यायचं, हे कंपनीच्या नियमपुस्तिकेत कारवाईच्या पायऱ्या कशा लिहिल्या आहेत त्यावर ठरतं. गंमत अशी की त्याच पुस्तिकेत पुढे कुठेतरी 'नो स्ट्राइक' असं कलम सापडू शकतं आणि तिथे अर्थ खरोखरच संप असतो. करारातल्या 'स्ट्राइक्स, लॉकआउट्स' या जोडीतही संप आणि टाळेबंदीच. एकाच कागदात एका शब्दाला दोन मराठी शब्द लावावे लागतात, आणि हे एक वाक्य बघून कोणालाच ठरवता येणार नाही, आम्हालाही नाही.

कायद्याच्या कागदांत हीच गोष्ट आणखी जड होते. कॅलिफोर्नियाचा १९९४ चा 'थ्री स्ट्राइक्स' कायदा बेसबॉलच्या नियमावरूनच ओळखला जातो: आधी दोन गंभीर किंवा हिंसक गुन्हे सिद्ध झालेल्याला तिसऱ्या मोठ्या गुन्ह्यासाठी २५ वर्षं ते जन्मठेप. तिसरा गुन्हाही सर्वसाधारणपणे गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे, ही दुरुस्ती २०१२ मध्ये मतदारांनी केली. तिथल्या वकिलाचं पत्र भाषांतराला आलं तर त्यातला 'स्ट्राइक' म्हणजे आधीची दोषसिद्धी. तिथे ठपका लिहून चालत नाही.

यूट्यूबवाल्या मंडळींसाठी वेगळं सांगतो, कारण हल्ली त्यांची संख्या वाढली आहे. कॉपीराइट स्ट्राइक आणि कंटेंट आयडी क्लेम (दुसऱ्याचं गाणं किंवा दृश्य आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेतून आलेला हक्काचा दावा) या दोन गोष्टी वेगळ्या. क्लेममध्ये बहुतेक वेळा व्हिडिओच्या जाहिरातींचा पैसा दुसऱ्याकडे जातो. स्ट्राइक थेट चॅनेलवर लागतो आणि तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. हिशेब पुन्हा बेसबॉलचाच. आलेला ईमेल पूर्ण पाठवा, विषयाच्या ओळीचा फोटो काढून उपयोग नाही.

'स्ट्राइक आउट'चं तर विचारूच नका. अर्जावर असेल तर 'लागू नसेल ते खोडावे'. न्यायालयीन कागदात निवेदनातला मजकूर वगळणे; आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६, नियम १६ मध्ये हेच आहे. अमेरिकी विक्री अहवालात 'वी स्ट्रक आउट' म्हणजे प्रयत्न फसला. आणि कोणी 'स्ट्राइक आउट ऑन हर ओन' केलं असेल तर तिने नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला आहे, तिचं अभिनंदन करा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खालची 'स्ट्राइक ऑफ'ची नोटीस पुन्हा निराळी: तिथे निबंधक कंपनीचं नाव नोंदवहीतून काढतो. अशी नोटीस हातात असेल तर भाषांतराआधी सीए गाठा.

'शब्दाचा अर्थ सांगायला पूर्ण कागद कशाला? पानावर पैसे लावायचे म्हणून मागता,' असंही ऐकून घेतो. कागद वाचून अंदाज देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. काम फक्त एका परिच्छेदाचं असेल तर आकारही परिच्छेदाचाच लागतो. मशीनवर काढलेला मसुदा तपासायला मात्र नव्या भाषांतराइतकाच आकार पडतो. तो मूळ कागदाशी ओळीओळीने ताडून बघावा लागतो आणि खरं सांगायचं तर नव्याने लिहिणं त्याहून सोपं असतं. तेव्हा मसुदा करण्यात रात्र घालवू नका, मूळ कागदच आणा.

पाठवताना पीडीएफ असेल तर उत्तम. फोटो असेल तर सगळ्या पानांचा, कडा दिसतील असा. कागद कोणाला दाखवायचा आहे तेही कळवा: कंपनीला, न्यायालयाला, वकिलातीला की घरच्यांना समजण्यापुरता. शिक्का आणि सहीसह प्रत हवी असेल तर ते सुरुवातीलाच सांगा, कारण तिचा कागद वेगळा असतो आणि मागाहून सांगितलं की सगळं पुन्हा छापावं लागतं. दुपारी बाराच्या आत आलेल्या एक-दोन पानी पत्राचं काम बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी मिळतं.