औषध-विभेदन (आकडीरोधक औषधांचे)

आकडीरोधक औषध अंगात भिनल्यावर प्राण्याला आतून जे जाणवते, तीच खूण धरून योग्य कृती निवडायला त्याला शिकवण्याची प्रायोगिक पद्धत. प्राणी बहुधा उंदीर.

उंदराला कधी औषधाचे, कधी नुसत्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन देतात आणि 15 ते 30 मिनिटांनी दोन कळा असलेल्या पेटीत सोडतात. औषधाच्या दिवशी एक कळ, साध्या दिवशी दुसरी. योग्य कळ साधारण दहा वेळा दाबली की खाऊची गोळी पडते. पेटी, उजेड, आवाज सगळे तेच. आधीच्या उंदराचा वास कळेवर राहिला तर तोही सुगावा ठरतो, म्हणून कळा पुसून घ्याव्या लागतात. खरा पुरावा पहिली गोळी पडण्याआधीच्या दाबांत असतो, कारण एकदा गोळी मिळाली की उत्तर फुटलेले असते. हे शिकायला अनेक आठवडे लागतात.

पद्धतीचे मूळ अवस्थाधीन स्मरणात आहे. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ओव्हर्टन यांनी 1964 मध्ये दाखवले, की पेंटोबार्बिटाल या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या अमलाखाली शिकलेली वाट उंदराला शुद्धीवर आठवत नाही. पुन्हा औषध दिले की आठवते.

डायझेपाम हे आकडी आणि चिंता शमवणारे औषध ओळखायला शिकलेल्या उंदराला पेंटोबार्बिटाल दिले, तर तो बहुधा औषधाचीच कळ दाबतो. दोन्ही औषधे मेंदूतील गाबा-ए ग्राहींचे (चेतापेशींना शांत करणारा संदेश झेलणाऱ्या प्रथिनांचे) काम वाढवतात, पण ग्राहीवरच्या त्यांच्या जागा वेगळ्या. डायझेपामची जागा अडवणारे फ्लुमाझेनिल हे औषध डायझेपामची खूण पुसते, पेंटोबार्बिटालची नाही. रेणूंच्या पातळीवरचा इतका बारीक फरक मुक्या जनावराच्या निवडीतून कळतो, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ. मात्र दोन औषधे सारखी जाणवली म्हणून ती सारखीच आकडी थांबवतील असे नाही. माणसात नवे औषध नशेसाठी वापरले जाईल का, याचा अंदाज बांधतानाही ही चाचणी घेतात.

आकडी आणणाऱ्या पेंटिलिनटेट्राझोलची अल्प मात्राही उंदीर ओळखू शकतो. ही मात्रा झटके येण्याइतकी नसते. आत जाणवते ती माणसाच्या चिंतेसारखी अस्वस्थता, असे हरबन्स लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. आधी डायझेपाम दिले, तर तोच उंदीर मिठाच्या पाण्याच्या कळेकडे वळतो.