तीन वर्षांनी लागणारे पैसे: निफ्टी इंडेक्स फंड की टार्गेट मॅच्युरिटी फंड?

सांगलीत ऊसबिलाचे किंवा हळदीच्या पट्टीचे पैसे हाती आले की ते मुदत ठेवीत टाकण्याची जुनी रीत आहे. अलीकडे मात्र त्याऐवजी ‘इंडेक्स फंड घ्या’, म्हणजे शेअर किंवा रोख्यांच्या ठरलेल्या यादीप्रमाणे (निर्देशांकाप्रमाणे) पैसे गुंतवणारा फंड घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तेच पैसे तीन वर्षांनी मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी लागणार असतील, तर हा सल्ला अर्धवट आहे, कारण इंडेक्स फंड या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या योजना विकल्या जातात.

त्यातला निफ्टी ५० चा फंड बहुतेकांना ठाऊक असतो. त्यात पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात असतात आणि खर्च कमी असतो. टार्गेट मॅच्युरिटी फंडही निर्देशांकाप्रमाणेच चालतो, मात्र त्यात केंद्र सरकारचे रोखे, राज्यांचे विकास कर्जरोखे किंवा सरकारी कंपन्यांचे रोखे असतात आणि मुदत संपण्याचे वर्ष फंडाच्या नावातच लिहिलेले असते. डायरेक्ट (थेट फंड कंपनीकडून) की रेग्युलर (मध्यस्थामार्फत) घ्यावा (डायरेक्टच घ्यावा), ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) की साधा फंड (शेअर ठेवण्याचे डीमॅट खाते नसेल तर साधा) हे प्रश्न दुय्यम आहेत.

सगळी गफलत होते ती नावातल्या त्या वर्षाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. प्रत्येक कर्जरोख्याची मुद्दल कोणत्या दिवशी परत करायची, हे आधीच ठरलेले असते. बाजारातले व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते; मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा तसेच झाले. परंतु मुदत जवळ येते तशी रोख्याची किंमत दर्शनी किमतीकडे, म्हणजे मुदतीअखेर परत मिळणाऱ्या मुद्दलाकडे, सरकते, आणि त्यामुळे फंडाचे चढउतारही आपोआप शमत जातात. म्हणून जो शेवटपर्यंत थांबतो, त्याला खरेदीच्या दिवशी दिसणाऱ्या परताव्यातून खर्च वजा जाता उरते, जवळपास तेवढे मिळते.

शेअरला अशी तारीख नसते, कारण मुद्दल परत करण्याचे वचन कोणी दिलेलेच नसते. जानेवारी २००८ मध्ये ६,२८७ पर्यंत पोहोचलेला निफ्टी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर अडीच हजारांच्या आसपास आला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने जुनी पातळी गाठली, पण तो पुन्हा घसरला आणि ती पातळी कायमची मागे पडली ती २०१४ मध्ये. २०२० मध्ये जानेवारीतले १२,३०० मार्चमध्ये ७,६१० झाले आणि नोव्हेंबरपर्यंत भरूनही निघाले. भरपाईला कधी काही महिने लागतात, कधी काही वर्षे. महाविद्यालयाची शुल्क भरण्याची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलली जात नाही.

‘पैसे पन्नास कंपन्यांत विभागले आहेत, म्हणजे धोका नाही’ हे वाक्य तर आता थांबायलाच हवे. अशा विभागणीने एखादी कंपनी बुडाल्याचा फटका कमी होतो. सगळा बाजार एकदम कोसळला तर तिचा उपयोग होत नाही. एसआयपीचेही (दरमहा ठरलेली रक्कम गुंतवण्याचेही) तसेच आहे: तीन वर्षांच्या एसआयपीतल्या शेवटच्या हप्त्यांना जेमतेम काही महिने मिळतात आणि तोवर साठलेली सगळी रक्कम बाजाराच्या हवाली असते.

टार्गेट मॅच्युरिटी फंडालाही मर्यादा आहेत. पैसे २०२८ मध्ये हवे असताना २०३१ चा फंड घेतला, तर तारखेचा फायदाच उरत नाही. बँक ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण इथे लागू नाही (पतसंस्थेतल्या ठेवींनाही ते नसते, हेही आपल्याकडे अनेकांना माहीत नाही). शिवाय १ एप्रिल २०२३ पासून केलेल्या खरेदीवरचा नफा आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र ठरतो. मुदत ठेवीच्या तुलनेत फायदा उरतो तो इतकाच, की कर दरवर्षी न लागता युनिट (फंडातला आपला हिस्सा) विकल्यावर द्यावा लागतो.

म्हणून तारीख पक्की असेल तर तिच्या लगेच आधी मुदत संपणारा फंड घ्यावा, आणि ती अनिश्चित असेल तर मुदत ठेव किंवा लिक्विड फंड (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांचा फंड) निवडावा. सात-आठ वर्षे हात लावायचा नाही तेवढाच पैसा निफ्टीत जावा, असे माझे ठाम मत आहे. फंड निवडताना त्याच्या मासिक माहितीपत्रकातला मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, म्हणजेच यील्ड टू मॅच्युरिटी, पाहावा, त्यातून खर्चाचे प्रमाण वजा करावे आणि उरलेला आकडा आपल्या बँकेच्या तेवढ्याच मुदतीच्या दराशी ताडून पाहावा. बँकेचा दर तेवढाच किंवा जास्त असेल आणि रक्कम विम्याच्या मर्यादेत बसत असेल, तर मुदत ठेवच करावी.