टाइलसाठी लाकडी जमिनीची पूर्वतयारी

लाकडी तुळयांवर फळ्या किंवा प्लायवूड ठोकून केलेल्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर सिरॅमिक, पोर्सलिन वा नैसर्गिक दगडाच्या टाइल बसवण्यापूर्वी तिचा ताठपणा, कोरडेपणा आणि सपाटी तपासून दुरुस्त करणे, तसेच लाकूड व टाइल यांच्यामध्ये योग्य थर घालणे, अशी ही प्रक्रिया आहे. बसवलेली टाइल काही महिन्यांतच तडकली की दोष टाइलला किंवा ती चिकटवणाऱ्या अॅडहेसिव्हला दिला जातो. कारण बहुतेक वेळा त्यांच्या खाली असते.

लाकूड ओलावा शोषून फुगते आणि वाळले की आकसते. ही हालचाल तंतूंच्या आडव्या दिशेने बरीच, तर लांबीच्या दिशेने नगण्य असते. प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते सुट्या फळ्यांपेक्षा कमी हलते. टाइल आणि ग्राउट (टाइलमधल्या फटी भरणारे मिश्रण) दाब उत्तम सोसतात, पण वाकणे त्यांना अजिबात सोसत नाही. स्वयंपाकघरात तर सांडणारे पाणी, नळगळती आणि फ्रिजसारख्या वस्तूंचे एकाच जागी पडणारे वजन यांचीही भर पडते.

म्हणून पहिली तपासणी ताठपणाची. जमीन मजबूत असणे वेगळे आणि ताठ असणे वेगळे; वर्षानुवर्षे माणसांचे वजन पेललेली जमीनही टाइलसाठी फार लवचीक असू शकते. सिरॅमिक टाइलखालील तुळई भाराखाली तिच्या आधारांमधील अंतराच्या १/३६० पेक्षा जास्त लवू नये, असा प्रचलित निकष आहे. ३.६ मीटर अंतरावर ही मर्यादा १० मिलिमीटर येते. नैसर्गिक दगडासाठी निकष दुप्पट कडक, म्हणजे १/७२० असतो. चालताना कपाटातली भांडी खणखणत असतील तर मोजमापाआधीच उत्तर मिळालेले असते. तुळईचा ताठपणा तिच्या रुंदीच्या पटीत, पण उभ्या जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. उभी जाडी सव्वापट केली तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. असलेल्या तुळईला शेजारी दुसरी तुळई जोडणे किंवा मधोमध नवा आधार देणे हे नेहमीचे उपाय होत. नळासाठी कोणी तुळईला खाचा पाडल्या असतील, तर त्यांची दुरुस्तीही याच टप्प्यावर करतात.

यानंतर जुने थर काढतात. जुन्या व्हिनाइल टाइलमध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदात अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, असू शकतात. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय ते घासणे किंवा खरवडणे धोक्याचे ठरते. सिंकखालच्या आणि बाहेरच्या दाराजवळच्या फळ्या स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहतात. टोक सहज आत गेले तर लाकूड कुजलेले आहे. अशी फळी बदलण्याआधी गळती बंद करावी लागते, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) ओलाव्याने फुगून भुसभुशीत होतो, म्हणून तो काढूनच टाकतात. कुरकुरणाऱ्या फळ्या स्क्रूने तुळयांना आवळतात. खिळे कालांतराने सैल होतात.

फळ्यांवर बाहेरील वापराच्या दर्जाचे प्लायवूड घालतात. त्याचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देत नाहीत आणि प्लायवूडच्या तक्त्यांमध्ये सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवतात. त्यावर सिमेंट बोर्ड, म्हणजे सिमेंटचा पातळ तक्ता, येतो. तो नुसता ठेवून स्क्रू मारणे ही सर्रास दिसणारी चूक आहे: दातेरी थापीने पसरलेल्या ओल्या अॅडहेसिव्हवर तो बसवला तरच खालच्या पोकळ्या भरतात. स्क्रू साधारण २० सेंटिमीटरवर, गंज न धरणारे, आणि तुळयांत न शिरता प्लायवूडपुरतेच असावेत. सांध्यांवर अल्कलीरोधक काचतंतूंची जाळीपट्टी लावून अॅडहेसिव्ह भरतात. सिमेंट बोर्डाने जमीन ताठ होते हा गैरसमज मात्र चिवट आहे. टाइलला पकड देणारा आणि पाण्याने न बिघडणारा पृष्ठभाग एवढेच त्याचे काम. लवणाऱ्या तुळयांवर तो काहीच उपाय करत नाही. त्याऐवजी पॉलिएथिलीनचा पातळ, खाचखळग्यांचा पडदाही वापरतात. तो लाकडाची आडवी हालचाल टाइलपर्यंत पोचू देत नाही, पण लवण्यापुढे तोही हतबल असतो.

जमीन किंचित उतरती असली तरी चालते, उंचसखल चालत नाही. ३ मीटर लांबीच्या सरळ पट्टीखाली ६ मिलिमीटरपर्यंत फरक खपवून घेतात. ३८ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या बाजूच्या टाइलसाठी ३ मिलिमीटरच. उंचवटे रंध्याने किंवा सँडरने उतरवतात. खोलगट भागात स्वसमतल संयुग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारे मिश्रण, ओततात, मात्र प्रायमर लावून आणि प्रत्येक भोक व फट बुजवून. ते पाण्यासारखे वाहते आणि सापडेल त्या वाटेने खालच्या मजल्यावर उतरते.

भिंतींच्या कडेने सुमारे ६ मिलिमीटर फट सोडून ती ग्राउटऐवजी सिलिकॉनने भरतात. शेवटी उंचीचा हिशेब उरतो, आणि खरे तर तो सर्वांत आधी मांडायला हवा. सगळे थर मिळून जमीन दोन-तीन सेंटिमीटर सहज वर येते. मग दारे खालून कापावी लागतात, शेजारच्या खोलीशी उंबरा जुळवावा लागतो, आणि ओट्याखालच्या डिशवॉशरच्या पुढपर्यंतच टाइल बसवली गेली असेल, तर दुरुस्तीसाठी तो बाहेर ओढता येत नाही. म्हणून टाइलचा थर त्याच्या खालपर्यंत नेतात.