पेनिसिलिननंतरही मरणारे रुग्ण

न्यूमोनियाच्या लसीचं श्रेय अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट ऑस्ट्रियन यांना सरसकट दिलं जातं. खरं तर त्यांनी हे काम हाती घेतलं तेव्हा अशी लस तयार होऊन, चाचणीत यशस्वी ठरून, बाजारात येऊन परतही गेली होती. ऑस्ट्रियन यांच्या वाट्याला आलं ते वेगळंच काम, आणि माझ्या मते ते जास्त अवघड होतं. जो आजार संपला असं डॉक्टरांनी मनोमन ठरवून टाकलं होतं, तो संपलेला नाही हे त्यांना पटवून द्यायचं होतं.

आजार न्यूमोकोकस या जिवाणूचा. 1881 मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, तो माणसाच्या लाळेतून वेगळा केला. त्याची सगळी ताकद त्याच्या अंगावरच्या कवचात असते. कवच असलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. कवचाविरुद्ध प्रतिपिंडं (जंतूला चिकटून त्याची ओळख पटवणारी, शरीरानंच बनवलेली प्रथिनं) तयार झाली, की मात्र तो लगेच सापडतो. मेख अशी, की हे कवच अनेक प्रकारचं असतं आणि एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर बहुधा चालत नाही. रुग्णाच्या थुंकीत कोणता प्रकार आहे हे ओळखण्याची युक्ती फ्रेड नॉयफेल्ड यांनी 1902 मध्ये दिली: त्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव मिसळला की सूक्ष्मदर्शकाखाली कवच फुगल्यासारखं दिसतं.

हे कवच प्रथिनाचं नसून शर्करेच्या लांब साखळ्यांचं आहे, हे मायकल हायडेलबर्गर आणि ऑस्वाल्ड एव्हरी यांनी 1923 मध्ये दाखवलं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. प्रतिकारशक्ती जागी करायची तर प्रथिनच हवं, असा तेव्हाचा समज होता. (याच जंतूवर काम करताना एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी 1944 मध्ये आनुवंशिकतेचा वाहक डीएनए असल्याचं दाखवलं. एका जंतूनं विज्ञानाला इतकं दिल्याची उदाहरणं फार नाहीत.)

शर्करेपासून लस करता येते याचा पहिला भक्कम पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. साउथ डकोटातल्या सू फॉल्स इथल्या लष्करी तळावर मॅक्लाउड, हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी सुमारे 17 हजार सैनिकांवर चाचणी घेतली. निम्म्यांना चार प्रकारांच्या शर्करेची लस, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. लस घेतलेल्यांमध्ये त्या चार प्रकारांचा न्यूमोनिया जवळपास थांबला. तळावर जंतूचा वावरच घटल्यामुळे लस न घेतलेल्यांनाही थोडा फायदा झाला. निष्कर्ष 1945 मध्ये प्रसिद्ध झाले आणि दशक संपता संपता सहा प्रकारांच्या लसी विक्रीलाही आल्या.

पण तोवर पेनिसिलिन आलं होतं. इंजेक्शन दिलं की ताप उतरायचा, मग प्रकार ओळखत बसायचं कशाला? प्रयोगशाळांनी ती तपासणी सोडून दिली आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कंपनीनं लसी मागे घेतल्या.

ऑस्ट्रियन यांचा जन्म 1916 मध्ये बाल्टिमोरचा, वडीलही डॉक्टर. जॉन्स हॉपकिन्समधून वैद्यकीय पदवी घेऊन पुढे त्यांनी मॅक्लाउड यांच्यासोबत न्यूमोकोकसवर संशोधन केलं. म्हणजे जंतूची ओळख थेट त्याच घराण्यातून झालेली. 1952 मध्ये ते ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात गेले. न्यूमोकोकल न्यूमोनिया आता क्वचितच दिसतो, असं तेव्हा म्हटलं जाई. त्यांनी जुन्या पद्धतीनं जंतू शोधायला सुरुवात केली आणि रुग्ण दरवर्षी शेकड्यांनी सापडू लागले. इतरांना ते दिसत नव्हते, कारण कोणी बघतच नव्हतं.

दहा वर्षांच्या या नोंदी त्यांनी जेरोम गोल्ड यांच्यासोबत 1964 मध्ये प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या रक्तात जंतू शिरला होता, अशा न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी प्रतिजैविकं मिळूनही सुमारे 17 टक्के दगावत होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, आजाराच्या पहिल्या पाच दिवसांतल्या मृत्यूंवर औषधाचा जवळजवळ काहीच परिणाम दिसत नव्हता. औषध जंतू मारतं, पण तोवर शरीराची झालेली हानी भरून काढत नाही. अशा रुग्णांना वाचवायचं तर आजार होऊच द्यायचा नाही, हाच मार्ग उरतो. या लेखात नवं उपकरण नव्हतं की नवं रसायनही नव्हतं. होती ती चिकाटीनं केलेली मोजदाद. त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं काम मी यालाच म्हणेन.

लसीची चाचणी घ्यायची तर हा आजार भरपूर असलेली जागा हवी होती. ती दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मिळाली. दूरदूरच्या प्रदेशांतून आलेले तरुण मजूर दाटीवाटीच्या बराकींत राहत आणि पहिल्या काही महिन्यांतच न्यूमोनियानं पडत. आल्मरॉथ राइट यांनी 1911 मध्ये इथंच मृत जंतूंची लस देऊन पाहिली होती. मृत्यू इतके होते, की 1913 मध्ये उत्तरेकडच्या उष्ण प्रदेशातून मजूर आणण्यावरच बंदी आली. साठ वर्षांनी ऑस्ट्रियन तिथं पोहोचले तेव्हाही बराकी होत्या आणि न्यूमोनियाही होता. वर्णभेदी राजवटीत राबणाऱ्या या मजुरांच्या अंगावर ही लस सिद्ध झाली, हा भाग गौरवलेखांत सहसा एका ओळीत उरकला जातो. चाचणीत लसीतल्या प्रकारांपासून सुमारे 80 टक्के संरक्षण दिसलं. 1977 मध्ये अमेरिकेत 14 प्रकारांच्या लसीला परवाना मिळाला, 1978 मध्ये ऑस्ट्रियन यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि 1983 मध्ये 23 प्रकारांची लस आली. योगायोग असा, की 1977 मध्येच दक्षिण आफ्रिकेत अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे न्यूमोकोकस आढळले. लसीची गरज आता वेगळी पटवून द्यावी लागली नाही.

तरीही लस अपुरी होती. अमेरिकेतल्या मोठ्या वयाच्या लोकांवर घेतलेल्या चाचण्यांत खाणींइतका स्पष्ट फायदा दिसला नाही. शिवाय दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर नुसत्या शर्करेला नीट प्रतिसादच देत नाही, आणि या जंतूचा धोका त्यांनाच मोठा. तोडगा जुनाच होता: शर्करा प्रथिनाला जोडली की प्रतिसाद वाढतो, हे एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी 1929 मध्येच सशांवर दाखवलं होतं. त्या तत्त्वावरची सात प्रकारांची बालकांसाठीची लस अमेरिकेत 2000 मध्ये आली, तेव्हा ऑस्ट्रियन ऐंशी ओलांडलेले होते. त्यांचं निधन 2007 मध्ये झालं. तोवर त्या सात प्रकारांचे आजार झपाट्यानं घटले होते आणि लसीत नसलेला 19ए हा प्रकार डोकं वर काढू लागला होता. 2010 च्या 13 प्रकारांच्या लसीत त्याचा समावेश झाला.